वायफाय जोडलेले, तरी नेट का नाही?

प्रश्न : शाळेतला जुना लॅपटॉप फार हळू झाला म्हणून त्यावर लिनक्स टाकून घेतले. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते, 'जोडले आहे' असे लिहूनही येते. पण एकही पान उघडत नाही. कधीकधी अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. मोबाइलवर मात्र नेट चालू असते. दुरुस्तीवाले म्हणतात, लिनक्स काढा आणि विंडोज टाका. खरोखर दोष लिनक्सचा आहे का?
– एक शिक्षक, एटापल्ली तालुका

उत्तर : लिनक्स काढू नका. तुम्ही जे लिहिले आहे त्यातली 'आपोआप सुरू होते' ही खूण सगळ्यांत महत्त्वाची आहे. लॅपटॉपमधली एखादी सेटिंग चुकली असेल तर ती चुकलेलीच राहते, अर्ध्या तासाने स्वतःहून दुरुस्त होत नाही. बिघाड येतो आणि जातो, म्हणजे तो बहुधा लॅपटॉपच्या बाहेर, मोबाइल आणि टॉवर यांच्या बाजूला आहे. पण माझ्या 'बहुधा'वर थांबू नका. हे तुम्हाला पाच-दहा मिनिटांत स्वतः तपासता येते, आणि त्याची अवजारे तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून आहेत.

वायफायची खूण एवढेच सांगते की लॅपटॉप आणि शेजारी ठेवलेला मोबाइल यांचे एकमेकांशी जुळले आहे. हे अंतर दोन-चार हातांचे. त्यापुढे मोबाइल ते टॉवर, टॉवर ते कंपनीचे केंद्र, तिथून मोठ्या शहरातली मुख्य लाइन आणि शेवटी तुम्हाला हवे ते पान ज्या यंत्रावर ठेवले आहे ते यंत्र, एवढा रस्ता उरतोच. नळाची तोटी फिरली म्हणजे टाकीत पाणी आहे असे होत नाही, तसेच हे. म्हणून तपासणी जवळून सुरू करायची आणि एकेक टप्पा पुढे जायचे. जिथे उत्तर येणे थांबते, तिथे दोष.

पहिली तपासणी लॅपटॉपची नाहीच, मोबाइलची आहे. लॅपटॉपवर पान उघडत नसेल त्याच क्षणी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये कधी न उघडलेले एखादे पान उघडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातोय म्हणजे नेट चालू, असे आपण सगळेच धरून चालतो. पण मजकुराचा मेसेज इतका हलका असतो की जेमतेम रेंजवरही सरकतो, आणि आधी पाहिलेली पाने तर मोबाइलने साठवूनच ठेवलेली असतात. नवीन पान मोबाइलवरही उघडले नाही, तर लॅपटॉप निर्दोष.

मग मोबाइलच्या दांड्यांशेजारचे अक्षर बघा. तिथे इंग्रजी 'ई' दिसत असेल तर तुम्ही टूजीवर आहात. दांड्या पूर्ण, बोलणे स्पष्ट, पण आजची वेबसाइट त्यावर उघडणे जवळजवळ अशक्य. गडचिरोलीत हे वारंवार घडते आणि त्याला इतिहास आहे. नक्षलग्रस्त भागांसाठीच्या केंद्राच्या योजनेत बीएसएनएलने पहिल्या टप्प्यात जे टॉवर उभे केले ते टूजीचेच होते. देशभरातले असे २,३४३ टॉवर फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैत, फोरजी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी वेगळी योजना मंजूर झाली. तरीही फोन दोन टॉवरांच्या मधल्या गावात असेल तर तो कधी फोरजी पकडतो, कधी टूजीवर उतरतो. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होण्याचे हे एक सरळ कारण आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'फक्त फोरजी' असा पर्याय असेल तर तो लावून पाहा.

दुसरे कारण आपल्या सीमेचे. सिरोंचात गोदावरी आणि प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा आहे. कोरची, एटापल्ली, भामरागडच्या पलीकडे छत्तीसगड. चंद्रपूरकडे राजुरा-जिवतीला लागून पुन्हा तेलंगणा. तुमचा फोन जवळचा टॉवर पकडतो, त्याला राज्याची हद्द कळत नाही. पलीकडचा टॉवर पकडला की काही फोन स्वतःला 'रोमिंग'मध्ये समजतात, आणि 'डेटा रोमिंग' बंद असेल तर नेट थांबवतात. बोलणे चालू, हॉटस्पॉट चालू, नेट तेवढे बंद! डेटा रोमिंग चालू करून ठेवा.

तिसरे कारण जंगलाचे. पानांमधले पाणी रेडिओलहरी शोषते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो तेव्हा ज्या ओट्यावर रेंज मिळते, तिथेच श्रावणात ती मिळेनाशी होते. लॅपटॉपवर कोणती प्रणाली आहे याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. मोबाइल खिडकीत, उंचावर ठेवा. लॅपटॉप मात्र तुमच्या टेबलावर राहू द्या. मधले अंतर वायफाय सांभाळेल.

आता लॅपटॉपकडे येऊ. मोबाइलवर नवे पान झटकन उघडते आणि लॅपटॉपवर नाहीच, असे असेल तर टर्मिनल उघडा. काळी खिडकी पाहून दचकू नका. इथे फक्त विचारायचे आहे, काही बदलायचे नाही. इंग्रजी अक्षरांत आय-पी, मग मोकळी जागा, मग ए असे लिहून एंटर दाबा. येणाऱ्या मजकुरात वायफायच्या नावाखाली 'आयनेट' शब्दापुढे चार आकड्यांचा पत्ता दिसला पाहिजे, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. पत्ताच नसेल, किंवा तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर मोबाइलने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावा. लॅपटॉपमधली हॉटस्पॉटची जुनी नोंद 'विसरा' असे सांगून पासवर्ड नव्याने द्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

पत्ता असेल तर पुढची कमांड पिंग. ही कमांड माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली, आणि तीही असाच एक नेटवर्कचा बिघाड सापडत नव्हता म्हणून. ती एक छोटी हाक पाठवते, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते आणि सांगते. चाळीस वर्षांनंतरही नेटवर्कची पहिली तपासणी हीच. पिंग लिहून पुढे ८.८.८.८ हे आकडे द्या. हा गूगलच्या एका सार्वजनिक यंत्राचा पत्ता आहे. लिनक्सवर पिंग थांबवेपर्यंत चालूच राहते, कंट्रोल धरून सी दाबले की थांबते आणि शेवटी किती हाका हरवल्या त्याचा हिशेब देते.

ओळी येत राहिल्या तर तुमचा लॅपटॉप बाहेरच्या जगापर्यंत पोहोचतो आहे, हे नक्की झाले. आता आकड्यांऐवजी एखाद्या वेबसाइटचे नाव देऊन पिंग करा. आकड्यांना उत्तर मिळते पण नावाला 'नाव माहीत नाही' अशा अर्थाची ओळ येते, तर बिघाड डीएनएसचा. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था आहे. ती बिघडली की रस्ता मोकळा असूनही जायचे कुठे ते कळत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या आयपीव्ही-४ पानावर डीएनएसचे 'आपोआप' बंद करा, ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे दोन पत्ते स्वल्पविराम देऊन लिहा आणि जोडणी तोडून पुन्हा जोडा. 'मोबाइलवर चालते, लॅपटॉपवर नाही' या तक्रारीत हे कारण मला सर्वांत जास्त वेळा दिसते.

पिंगच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मिलिसेकंद लिहिलेले असतात. ते जरूर वाचा, कारण तुमच्या गावाचे नेट कोणत्या वाटेने जाते ते त्यातून कळते. गडचिरोली ते मुंबई सरळ अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तार वळसे घेत दुप्पट लांबून गेली तरी जाऊन-येऊन प्रवास १५ मिलिसेकंदांचा. मोबाइल टॉवरची स्वतःची दिरंगाई धरून ५० ते १०० दिसले तर ते निरोगी नेट. पण आकडा ५००च्या खाली कधी उतरतच नसेल, तर तुमचा टॉवर उपग्रहावरून चालतो आहे असे समजायला हरकत नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो; हाक वर जाऊन खाली, आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, असा सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरचा फेरा होतो. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे ४७७ मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात, त्यात कुणालाही कपात करता येत नाही. अशा जोडणीवर पान उघडायला वेळ लागणारच, आणि तो दोष ना लॅपटॉपचा ना लिनक्सचा. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोलीचे नाव आहे. त्या कंपनीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून तिथे हा फेरा कितीतरी लहान होतो.

आकड्यांना उत्तर, नावालाही उत्तर, तरी ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून अडतो? लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या लॅपटॉपच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की तो बंद-चालू होताना घड्याळ काही वर्षे मागे नेऊन ठेवतो. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असे असते. लॅपटॉपच्या मते आज २०१५ साल चालू असेल तर जगातले प्रत्येक प्रमाणपत्र त्याला चुकीचे वाटणार. तारीख-वेळ दुरुस्त करा आणि ती बॅटरी बदलून घ्या, महागडी नाही.

एक कारण लिनक्सच्या पदरात खरोखर टाकावे लागेल. वीज वाचवण्यासाठी लिनक्स वायफायचे कार्ड मधूनमधून झोपवते, आणि काही जुनी कार्डे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. पिंगच्या ओळी येता येता थांबतात, मग एकदम येतात, असे दिसले तर संशय इथे घ्या. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय-पॉवरसेव्हची किंमत २ केली की ही झोप बंद होते.

आणि रोजचा डेटा! लिनक्स स्वतःची अपडेट्स मागून घेते, ती शेकडो एमबींची असू शकतात. दीड जीबीचा रोजचा पॅक त्यात दुपारीच संपतो, वेग कोसळतो आणि वाटते की नेट बंद पडले. हॉटस्पॉटच्या जोडणीला 'मर्यादित डेटा' अशी खूण करून ठेवा, म्हणजे अपडेट्स थांबतील. ती महिन्यातून एकदा, चांगली रेंज असलेल्या ठिकाणी करून घ्या. टाळू मात्र नका; सुरक्षेची दुरुस्ती त्यांतूनच येते.

या सगळ्यातून गेल्यावरही उत्तर नाही मिळाले, तर दुरुस्तीवाल्याकडे जरूर जा. पण जाताना पिंगच्या ओळींचा फोटो घेऊन जा. 'नेट चालत नाही' एवढेच सांगितले तर तो प्रणाली बदलण्याचाच सल्ला देईल, कारण त्याच्याकडे दुसरी माहिती नसते.

प्रश्न : मी सेकंडहँड लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकले. वायफायचा पर्यायच दिसत नाही. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवे, आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा! काय करू?
– एक विद्यार्थिनी, चंद्रपूर

उत्तर : मोबाइलची चार्जिंगची वायर लॅपटॉपला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला थेट तारेच्या नेटवर्ककार्डासारखा दिसतो, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वायर फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. चार्ज होते पण टेदरिंगचा पर्याय धूसर दिसतो, तर वायर बदला.

त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या किंवा उजव्या कडेला वायफायचे सरकते बटण असते, बॅगेत घासून ते बंद बाजूला जाते. टर्मिनलमध्ये आर-एफ-किल लिस्ट ही कमांड दिली की दोन ओळी दिसतात, 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. हार्डपुढे 'येस' असेल तर ते बटण किंवा विमानाचे चित्र असलेली की शोधा. कोणताही ड्रायव्हर ते उघडू शकणार नाही. सॉफ्टपुढे 'येस' असेल तर आर-एफ-किल अनब्लॉक ऑल पुरे.

दोन्हीकडे 'नो' असूनही वायफाय नाही, किंवा यादीच रिकामी आली, तर फर्मवेअरची उणीव आहे असे धरा. वायफायच्या कार्डाला चालू होताना कंपनीने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम भरवावा लागतो. तो खुला नसल्यामुळे डेबियन बरीच वर्षे तो मुख्य डिस्कवर ठेवत नसे. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर सोबतच मिळते. तुम्हाला कुणी जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह दिला असेल तर नवी आवृत्ती टाकणे सर्वांत सोपे. काही ब्रॉडकॉम आणि रियलटेक कार्डांना तरीही वेगळा ड्रायव्हर लागतो. एल-एस-पी-सी-आय या कमांडने कार्डाचे पूर्ण नाव लिहून घ्या आणि त्या नावानेच शोधा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डे बसवलेली असतात.

आणि चंद्रपुरात राहता म्हणून सांगतो. मे-जूनमध्ये वीज कडाडायला लागली की राउटरची लॅन वायर लॅपटॉपमधून काढून ठेवा. विजेचा झटका तारेतून येतो आणि लॅपटॉप शाबूत राहून फक्त तो पोर्ट जळतो. मग लोक ड्रायव्हर शोधत बसतात.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस नेट नसते. त्या दिवसांत लिनक्सच्या लॅपटॉपचा मुलांना काय उपयोग?
– एक वाचक, भामरागड तालुका

उत्तर : पुष्कळ उपयोग, पण तयारी आधी हवी. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो. वीज गेली की टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि डिझेल पोहोचवायलाही वाट नसते. तिथे लॅपटॉपमध्ये काहीही केले तरी नेट येणार नाही, हे आधीच मान्य करून सामान भरून ठेवायचे.

किविक्स हा फुकट प्रोग्रॅम टाका. त्यातून १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, ती वर्गवार फोल्डर करून ठेवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत, त्यांत लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकवले आहे. ते उतरवून ठेवले की मुले एकमेकांना दाखवत शिकतात. एकच लॅपटॉप आणि बरीच मुले असतील तर लॅपटॉपलाच हॉटस्पॉट करा. बाहेरचे नेट नसतानाही शेजारचे मोबाइल त्याला जोडले जातात आणि किविक्समधला विकिपीडिया त्यांच्या ब्राउझरवर उघडतो. लॅपटॉपमध्ये एखादे सॉफ्टवेअर टाकायचे राहून गेले असेल तर अ‍ॅप्ट-ऑफलाइन नावाचे साधन आहे. काय हवे त्याची यादी पेनड्राइव्हवर घ्या, अहेरी-आलापल्लीला नेट असलेल्या संगणकावर ते उतरवा आणि परत येऊन टाका.

हे सगळे मृग लागायच्या आत करा. आणि नेट कोणत्या तारखेला, किती वाजता गेले आणि केव्हा परत आले, याची साधी नोंदवही शाळेत ठेवा. महिनाभराच्या तारीखवार नोंदी असल्या की 'इथे कधीच रेंज नसते' या तोंडी तक्रारीला कागदाचे बळ येते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वही घेऊन जा, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत तहसील कार्यालयाला द्या.